मोटार जळते तेव्हा

वऱ्हाडातल्या साखरखेर्ड्याचा इतिहास विचारला की लोक 1724 ची लढाई सांगतात. निजामानं मुबारिजखानाला इथं हरवलं आणि दक्षिणेतलं त्याचं राज्य पक्कं झालं. माझं इथलं दुकान मात्र मोटार रिवाइंडिंगचं. माझ्याकडे गावाचा जो इतिहास येतो, तो जळक्या तांब्याच्या तारेतून.

1956 पर्यंत आमचं वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं. 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, राज्य वीज मंडळही त्याच वर्षीचं. पुढच्या वर्षी शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसचं वीज केंद्र सुरू झालं. कोळसा विदर्भाचा, केंद्रं विदर्भात, पण मोठं गिऱ्हाईक मुंबई-ठाणे-पुण्याचे कारखाने. 1984 मध्ये दांडेकर समितीनं विभागांचा अनुशेष मोजला, त्यात रस्ते-सिंचनासोबत ग्रामीण विद्युतीकरणही होतं.

पण नुसते खांब आले म्हणून वीज विकली जात नाही, ती ओढायला काही लागतं. आमच्याकडे ते काम विहिरींनी केलं. 1972 च्या दुष्काळानंतर विहिरी वाढल्या. मोट सुटली, डिझेल इंजिन आलं, मग तीन-पाच एचपीची मोटार. 1977 च्या सुमारास शेतीपंपाला हॉर्सपॉवरवर आकारणी सुरू झाली. मीटर नसलेल्या पंपाचे युनिट तेव्हापासून अंदाजानंच धरले जातात. मोटार दोन तास चालो की आठ, बिल तेवढंच. मग कागदावर तीनची मोटार असते आणि माझ्या टेबलावर पाचची येते.

पुण्यात उन्हाळा लागला की एसी-कूलरचे युनिट चढतात. आमच्या शिवाराचा चढ दिवाळीनंतर, हरभरा-गव्हाला पाणी सुरू झालं की येतो. पंपांना लागणारी थ्री फेज वीज ठरावीक तासांपुरती येते आणि ऑटोस्विचवरच्या साऱ्या मोटारी एकदम उठतात. डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, भार पडतो, लाईनच्या टोकाला दाब उतरतो. दाब कमी झाला की मोटार करंट जास्त ओढते, वाइंडिंग तापतं, वार्निश करपतं. त्या महिन्यांत मला जेवायला फुरसत नसते. होळीपर्यंत पाषाणातल्या विहिरी तळ गाठतात. मग वीज असूनही मोटारी थांबतात. पाऊस दगा देतो त्या वर्षी तर रब्बीच पेरली जात नाही, आणि दुकानात माशा.

2004 च्या निवडणुकीआधी शेतीची वीज मोफत झाली, पुढच्या वर्षी सवलत गेली. 2005 मध्ये मंडळ फुटून महावितरण झालं. भारनियमनात ज्या फीडरवर गळती जास्त, तिथं अंधार जास्त, हा हिशेब आला. मग गावठाणाचा फीडर शेतीपंपांच्या फीडरपासून वेगळा झाला, घरात दिवे टिकले आणि टीव्ही, फ्रीज, कूलर घेणं परवडू लागलं. गावातली मोजून विकलेली वीज वाढली ती इथं. 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल पुन्हा सरकार भरतं.

आता सौरपंप येताहेत. त्यांनी उपसलेल्या पाण्याचं एकही युनिट विक्रीत दिसणार नाही. पीक तेवढंच, पाणी तेवढंच, आणि शेतीची विक्री मात्र घटलेली. म्हणून आमच्या भागाचा विजेचा आकडा कुणी पुढं केला, तर मी आधी तीन गोष्टी विचारतो: पाऊस किती झाला, थ्री फेज किती तास होती, आणि मीटर होतं का?