बोझो बिश्कुपिच : कायद्याकडून कलेकडे

क्रोएशियाचे संस्कृतिमंत्रिपद दोनदा भूषविणारे बोझो बिश्कुपिच हे मूळचे विधिज्ञ. १९३८ मध्ये जन्मलेल्या बिश्कुपिच यांनी झाग्रेब येथे कायद्याचे शिक्षण घेतले. ओढा मात्र कलेकडे होता. मुद्राचित्रे व कविता एकत्र गुंफणारे संग्राह्य संच त्यांनी स्वतः प्रकाशित केले.

१९९५ मध्ये ते प्रथम मंत्री झाले तेव्हा स्वातंत्र्ययुद्ध संपत आले होते आणि चर्च, संग्रहालये, ग्रंथालये यांची मोठी हानी झालेली होती. १९९१ मध्ये तोफांच्या माऱ्यात सापडलेले दुब्रोव्हनिक शहर 'युनेस्को'च्या संकटग्रस्त वारसास्थळांच्या यादीत होते; दुरुस्तीनंतर १९९८ मध्ये ते त्यातून बाहेर पडले. बिश्कुपिच यांच्यातील कायदेपंडिताची छाप १९९९ च्या वारसा संरक्षण कायद्यावर दिसते. संरक्षित वास्तूंमध्ये व्यवसाय करणाऱ्यांवर 'स्मारक शुल्क' आकारून या कायद्याने जतनकार्यासाठी निधीची स्वतंत्र सोय केली.

त्याच वर्षी लोशिन्य बेटाजवळ समुद्रतळातून 'अपोक्सिओमेनोस' हा प्राचीन ब्राँझ पुतळा बाहेर काढण्यात आला. २००० मध्ये त्यांच्या 'एचडीझेड' पक्षाची सत्ता गेली. २००३ च्या अखेरीस ते मंत्रिपदी परतले आणि जतनप्रक्रियेनंतर २००६ मध्ये हा पुतळा झाग्रेबमध्ये रसिकांसमोर आला, तेव्हाही मंत्री तेच होते. २००९ मध्ये क्रोएशियाच्या सात लोकपरंपरांना 'युनेस्को'च्या अमूर्त वारसा यादीत स्थान मिळाले. झाग्रेबचे समकालीन कला संग्रहालयही त्याच वर्षी नव्या वास्तूत खुले झाले.

डिसेंबर २०१० मध्ये त्यांनी पद सोडले. स्मारक शुल्काची तरतूद मात्र त्यांच्यानंतरही टिकून राहिली.