चंद्रपुरात चोक कशाला?

मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर गेला तर चंद्रपुरात कुणी भुवईही उंचावत नाही. अशा गावात मोटारीचा गारठा घालवणारी खुंटी हवीच कशाला, असं बाहेरच्याला वाटणार. पण जुन्या पेट्रोल जीपच्या, मारुती ८०० च्या, कार्बोरेटरवाल्या जिप्सीच्या डॅशबोर्डवर ती होती. ज्यांच्या दारात या गाड्या अजून उभ्या आहेत, ते डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे ती ओढतातच. त्या दिवसांत ताडोबाच्या किंवा आलापल्लीच्या जंगलात रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो. उघड्यावर उभी असलेली गाडी सकाळी धड सुरू होत नाही, झालीच तर खोकते, थरथरते आणि पाय काढला की बंद पडते.

याचं कारण साधं आहे. पेट्रोल पेटत नाही, पेटते त्याची वाफ. एक किलो पेट्रोलला साधारण पावणेपंधरा किलो हवा हा ठरलेला हिशेब, पण तो तापलेल्या इंजिनाचा. थंड इंजिनात पेट्रोलचा बराच भाग वाफ न होता आतल्या नळीच्या भिंतींना ओला चिकटून राहतो. सिलिंडरपर्यंत पोचतं ते अगदी पातळ मिश्रण. म्हणून पेट्रोल जास्त सोडायचं, आणि चोक ते काम उलट्या बाजूने करतो. तो हवेच्या वाटेवरची पत्र्याची झडप मिटतो. हवा अडली की इंजिनाची सगळी ओढ पेट्रोलच्या बारीक तोटीवर पडते आणि तोटी सढळ होते.

ही तोटी १८९३ सालची. त्याआधीच्या मोटारींत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून किंवा भिजलेल्या वातींवरून फिरवत आणि जी वाफ मिळेल ती घेत. जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोलचा फवारा मारणारा कार्बोरेटर केला. त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी तशाच कल्पनेचं पेटंट घेतलं. फवाऱ्याने वेग मिळाला, पण गारठ्याचा प्रश्न उरला, आणि हवेच्या तोंडाशी झडप बसवणं हा त्यावरचा सगळ्यांत स्वस्त तोडगा ठरला.

फोर्डच्या मॉडेल टीमध्ये (१९०८ ते १९२७) या झडपेची तार थेट रेडिएटरच्या पुढे आणून सोडली होती. उजव्या हाताने हँडल मारायचं आणि डाव्याने तार ओढायची, म्हणजे एकटा माणूस गाडी सुरू करू शके. कडाक्याच्या थंडीत घट्ट झालेलं ऑईल क्लचच्या चकत्या सोडत नसे, तेव्हा मागचं एक चाक जॅकवर उचलून ठेवत. कॅडिलॅकमध्ये १९१२ साली चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आल्यावर हँडल मारणं सुटत गेलं, आणि हळूहळू चोकची तारही पुढून मागे, ड्रायव्हरच्या गुडघ्यासमोर येऊन बसली.

आपल्याकडच्या जंगलांत ही खुंटी पोचली ती प्रामुख्याने जीपमधून. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा काढल्या. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्राने पुढे विलीजच्या परवान्यावर मुंबईत जीप जोडायला घेतली. युद्धकाळातल्या जीपच्या डॅशबोर्डवर दोन खुंट्या होत्या, एक चोकची आणि दुसरी हाताने रेस धरून ठेवायची. स्टार्टर पायाखाली होता. त्यामुळे हिवाळी सकाळी चोक ओढायचा, दुसरी खुंटी इंचभर बाहेर काढायची, पायाने स्टार्टर दाबायचा आणि इंजिन गरम होईपर्यंत दोन्ही खुंट्या थोड्याथोड्या आत सारत राहायच्या, असा ड्रायव्हरांचा रिवाज. कॉम्प्युटर आज मिनिटभरात गुपचूप करतो तेच हे काम. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत सिरोंच्यापासून कुरखेड्यापर्यंत सारा मुलूख चंद्रपुरातच होता. एवढ्या पसाऱ्यात वाटेत गाडी बंद पडली तर मेकॅनिक मिळणं कठीण, म्हणून ड्रायव्हरच अर्धा मेकॅनिक असे.

आणि अर्ध्या मेकॅनिकचं मुख्य हत्यार चोकच. गाडी सुरू करायला तो लागतो हे खरं, पण त्याचा मोठा उपयोग रोग ओळखायला. ‘चोक आत केला का बंद पडते जी,’ एवढ्या तक्रारीवरून निम्मं निदान होतं. इंजिन तापल्यावरही चोक मागत असेल तर मिश्रण पातळ आहे. एकतर स्लो जेट, म्हणजे उभ्या गाडीला पेट्रोल देणारी तोटी, कचऱ्याने चोंदलाय, किंवा कार्बोरेटरच्या बुडाशी गॅस्केटमधून, एखाद्या फुटक्या नळीतून इंजिन चोरून हवा घेतंय. जोडावर ऑईलचा थेंब सोडायचा, आवाज बदलला तर फट तिथेच. उलट चोक पूर्ण आत केल्यावरच गाडी सुधारत असेल, मागे काळा धूर असेल आणि पेट्रोलचा वास सुटला असेल, तर पेट्रोल जास्त येतंय. तेव्हा पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई बघायची, आणि चोकची तार गंजून झडप अर्ध्यावर अडकलीय का तेही. हे काही न बघता स्लोचा स्क्रू पिळून द्यायचा हा सर्वत्र चालणारा आळशी इलाज. त्याने सकाळ निभते. दुपारी तीच गाडी उभ्या जागी गुरगुरत राहते.

बाहेरच्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या गॅस्केटात आणि नळ्यांत आहे. चंद्रपूरच्या गाडीची हिवाळी तक्रार पुष्कळदा उन्हाळ्यात तयार झालेली असते. चार महिने बोनेटखाली भाजून निघालेलं रबर कडक होतं, त्याला चिरा जातात. ऊन असेपर्यंत थोडीफार लवचीकता उरल्याने ते भागतं, थंडीत ते आणखी ताठ होतं आणि जोड हवा सोडू लागतो. त्यात धूळ. ताडोबाकडे नेणारा मोहर्लीचा रस्ता पद्मापूरच्या कोळसा खाणीजवळून जातो, आणि आतल्या मातीच्या रस्त्यांवर पुढच्या गाडीचा फुफाटा मागची गाडी गिळते. एअर फिल्टर तुंबला की तोही एक चोकच, फक्त तो आत ढकलता येत नाही. म्हणून दिवाळी झाली की नळ्या आणि गॅस्केट बदलून घेणाऱ्याला जानेवारीत खुंटीशी फारसं झगडावं लागत नाही.

डिझेलचं कूळ वेगळं. महिंद्राने प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन घेतल्यावर जीपमधून चोक गेला आणि हीटर आला. डिझेलला ठिणगी नसते, दाबाने तापलेली हवाच त्याला पेटवते, आणि थंड लोखंड ती उष्णता खाऊन टाकतं. म्हणून प्रत्येक सिलिंडरात एक तापणारी कांडी. चारपैकी एक जळाली की गाडी सकाळी तीन सिलिंडरांवर लंगडत उठते, पांढरा धूर सोडते आणि थोड्या वेळात बरी होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट यांच्या इंजिनाचा गोळा सुरू करण्याआधी बाहेरून दिव्याच्या ज्योतीने तापवावा लागे, ही कांडी त्याच घराण्यातली. हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरून ट्रक उठवणारे जुने ड्रायव्हर नकळत त्याच्याही मागे जात. तो प्रकार धोक्याचा, पण चालायचा.

जिप्सी भारतात १९८५ च्या अखेरीस आली. सन २००० च्या सुमारास तिला एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं इंजेक्शन, मिळालं आणि तिचाही चोक संपला. पुढे १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर नव्या मोटरसायकलींतूनही कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. पातळ-जाड ठरवणं आता पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरकडे आहे. तो बिघडून तापलेलं इंजिन थंड समजू लागला, किंवा थंड इंजिन तापलेलं, तर लक्षणं हुबेहूब जुनीच दिसतात, फक्त ओढून बघायला खुंटी नसते. स्कॅनर लावावा लागतो आणि तो जवळच्या गावात असेलच असं नाही. जुन्या जिप्सीवाल्यांना कार्बोरेटर प्यारा वाटतो तो यामुळे. सगळा लोभ काही भाबडा नसतो, पण मायलेज आणि धूर बघितला तर नव्याचीच बाजू घ्यावी लागते.

कार्बोरेटरवाल्यांपुढे सध्या नवंच कोडं आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलला वाफ व्हायला उष्णता जास्त लागते आणि जळायला हवा कमी, म्हणजे जुन्या मापाच्या जेटमधून येणारं मिश्रण आपोआप पातळ पडतं. थंड सकाळी ते आणखी अडतं, आणि जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही ते वेगळंच. त्यावर जेट एक माप मोठा घालायचा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्यायच्या, हा एक उपाय. तोवर चोक पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ बाहेर ठेवावा लागतो.