स्क्रूला जन्म देणारा स्क्रू

लेथवर आटे पाडायचे तर लेथमध्ये आधीच एक स्क्रू असावा लागतो. त्याला लीड स्क्रू म्हणतात. हाफ नट त्याच्यावर मिटला की कॅरेज ठरावीक वेगाने सरकते आणि लीड स्क्रूची प्रत तुमच्या सळईवर उतरते. प्रत म्हणजे चुकांसकट प्रत! मग पहिला चांगला स्क्रू आला कुठून? प्रयोगशाळेत मायक्रोमीटर फिरवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधीतरी पडायला हवा.

हेन्री मॉडस्लेची युक्ती बघा. काळ १८००च्या आसपासचा, गाव लंडन. मऊ धातूच्या किंवा लाकडाच्या फिरत्या दांड्यावर त्याने चंद्रकोरीसारखी पाती तिरकी दाबली. दांडा फिरेल तशी पाती आपोआप पुढे सरकते आणि आट्याची रेघ उमटते. पातीचा कोन बदलला की पिच बदलते. म्हणजे इथे आधीचा स्क्रू लागलाच नाही. असे बरेच स्क्रू करून त्यातला चांगला निवडायचा आणि पुढचे त्याच्यावरून कापायचे. त्याचा एक स्क्रू ५ फूट लांब होता, इंचाला ५० आटे. त्याचा नट १२ इंचांचा, म्हणजे एका वेळी ६०० आटे पकडीत. एखादा आटा चुकला तरी बाकीचे त्याला सांभाळून घेतात. सरासरी काढल्याने चूक का कमी होते हे आपण सूत्रातून शिकतो. या माणसाने ते पितळ-पोलादात करून ठेवलं होतं.

तेव्हाचे लीड स्क्रू बहुधा चौकोनी आट्यांचे. ताकद वाया जात नाही हा त्यांचा गुण, पण भिंती सरळ उभ्या असल्याने हाफ नट त्यात सहज बसत नाही, आणि झीज झाली की ढिलाई भरून काढता येत नाही. भिंती थोड्या कलत्या केल्या की दोन्ही अडचणी सुटतात. १८९०च्या दशकात अमेरिकेत २९ अंशांचा ॲक्मे आटा आला. मेट्रिक ट्रॅपेझॉइडल आटा ३० अंशांचा असतो.

घरच्या छोट्या लेथवर २ मिमी पिचचा असा आटा पाडायचा म्हटलं तर खोली साधारण सव्वा मिलिमीटर. पूर्ण रुंदीचं टूल एकदम आत घातलंत तर लेथ थरथरेल. म्हणून आधी अरुंद टूलने मधली चर काढा, मग दोन्ही बाजू थोड्या-थोड्या घ्या. आट्याच्या तिरकेपणानुसार टूलच्या कडेला मोकळीक द्यायला विसरू नका, नाहीतर टूल कापायच्या ऐवजी घासत राहतं. हे सगळं नीट जमलं तरी लीड स्क्रूची चूक मात्र तुमच्या स्क्रूत आलेलीच असणार.

ती काढायचा मार्ग हेन्री रोलंडने दाखवला, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, १८८२च्या सुमारास. त्याला काचेसारख्या गुळगुळीत धातूवर इंचाला १४,४३८ रेषा ओढून ग्रेटिंग बनवायची होती. कापलेल्या स्क्रूवर त्याने लांब, उभा चिरलेला नट चढवला आणि एमरी-तेल घालून तो पुढे-मागे घासत राहिला. दर थोड्या वेळाने नट उलटा करायचा, आणि हे काम एक-दोन दिवसांचं नाही, आठवड्यांचं. यंत्र बांधणाऱ्या थिओडोर श्नायडर या कारागिराचं नाव पाठ्यपुस्तकांत क्वचितच दिसतं, हे मला खटकतं.

एवढं करूनही एक चूक चिवटपणे उरते. स्क्रूचा टेकू किंचित जरी वाकडा असेल, तर प्रत्येक फेऱ्यात तेच मागे-पुढे होणं पुन्हा पुन्हा घडतं. ग्रेटिंगवर त्याचा परिणाम विचित्र दिसतो: खऱ्या वर्णरेषेच्या दोन्ही बाजूंना खोट्या रेषा उगवतात. त्यांना 'रोलंडची भुतं' म्हणतात. नवख्या माणसाला अशी रेषा नव्या मूलद्रव्याचीही वाटू शकते.

म्हणून तुमच्या स्क्रूवर डायल गेज लावाल तेव्हा फक्त पूर्ण फेऱ्यांनंतर वाचन घेऊ नका. दर फेऱ्याला सुई अचूक २ मिमीच दाखवेल आणि भूत मध्येच लपून राहील. एका फेऱ्याचे निदान आठ भाग करा, प्रत्येक भागाला एक वाचन घ्या, आणि तीन-चार फेऱ्यांचा आलेख काढा.