बासवाल्याचं पाठांतर

मी बास गिटार वाजवतो हे कळलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "चारच तारा? मग सोपं असेल ना!" आणि दुसरा, "एवढी गाणी लक्षात कशी राहतात?" पहिल्यावर मी नुसता हसतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र मला बरीच वर्षं देता येत नव्हतं. आमच्या हौशी ग्रुपची यादी आता दोनशेच्या घरात गेली आहे. त्यातली बहुतेक गाणी मी कागदाशिवाय वाजवतो, पण निम्म्यांचे शब्द मला धड येत नाहीत. मग मला नेमकं पाठ काय आहे? या प्रश्नामागे लागून थोडं वाचन झालं, ते इथे मांडतोय. नातेवाईक मंडळींनो, मध्ये थोडा तांत्रिक भाग आहे, पण सोडून जाऊ नका. शेवटी तुमच्यासाठी एक काम आहे.

आधी वाद्याबद्दल. बासच्या चार तारा म्हणजे साध्या गिटारच्या खालच्या चार तारा, पण एक सप्तक खाली. सर्वात जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. एवढा खालचा सूर लहान स्पीकरला झेपत नाही. विविध भारती १९५७ साली सुरू झाली आणि पुढे ट्रान्झिस्टर घराघरांत आले. आपल्या आईवडिलांच्या पिढीने गाणी पाठ केली ती त्या तळहाताएवढ्या स्पीकरवर. म्हणजे त्या गाण्यांचा तळ त्यांनी जेमतेम ऐकला होता. कान मोठा हुशार असतो, वरच्या सुरांवरून खालच्या सुराचा अंदाज करून घेतो, म्हणून कुणाला काही कमी वाटलं नाही. पण याच कारणाने बास हे वाद्य आपल्याकडे 'ऐकू न येणारं' राहिलं. आजही कार्यक्रम संपल्यावर कुणी ना कुणी विचारतं, "तुमचं वाद्य नक्की कुठे वाजत होतं?" असो.

लिओ फेंडरने कॅलिफोर्नियात १९५१ साली प्रिसिजन बास बाजारात आणला. (सिअॅटलच्या पॉल टटमार्कने तीसच्या दशकातच तसा प्रयोग केला होता, पण तो फारसा चालला नाही.) त्याआधी खालचा सूर म्हणजे माणसापेक्षा उंच डबल बास. तो उभ्याने वाजवायचा आणि त्याला पडदे नाहीत, म्हणजे बोट कुठे टेकवायचं ते कानाने शोधायचं. फेंडरने गिटारसारखे पडदे घातले आणि सूर अचूक मिळू लागला, म्हणून नाव प्रिसिजन.

पण माझ्या दृष्टीने खरी गंमत तारांच्या अंतरात आहे. बासच्या लगतच्या कुठल्याही दोन तारांत सा ते म एवढंच अंतर असतं. सहा तारांच्या गिटारमध्ये एका जागी हे अंतर बदलतं, बासमध्ये कुठेच नाही. याचा परिणाम फार मोठा आहे. पेटीवाल्याला गायकाने काळी एक सोडून काळी दोन सांगितली, की सगळी बोटं बदलावी लागतात. मी फक्त हात दोन पडदे वर सरकवतो. बोटांचा आकार तोच. म्हणजे मला जे पाठ असतं ते सूर नाहीत, तो एक आकार असतो आणि तो कुठूनही सुरू होऊ शकतो.

आकार झाला, आता क्रम. कोणता सूर कधी येणार हे लक्षात ठेवायला माणसाने जे मार्ग काढले, त्यांत सर्वात जुना मला आवडतो तो आकड्यांचा. इटलीत १६०० च्या सुमारास वादकांना फक्त खालच्या सुरांची ओळ लिहून द्यायची पद्धत पडली. लुडोविको व्हियादाना या संगीतकाराचा १६०२ चा संग्रह यातला सुरुवातीचा. पुढे त्या ओळीजवळ आकडेही छापू लागले. आकड्यावरून वरचे सूर कोणते ते ओळखायचं आणि बाकी वादकाने आपल्या बुद्धीने भरायचं. दीडशे वर्षं युरोपचं संगीत यावर चाललं. बाखसुद्धा यातलाच. गंमत बघा, तेव्हा बास लिहिलेला असे आणि वरचं वादक भरत असे. आज बरोब्बर उलटं आहे. चाल ठरलेली असते आणि बासवाल्याला सांगतात, "तू बघ काय ते."

आकडे पुन्हा आले ते अमेरिकेत नॅशव्हिलला. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकगटातल्या नील मॅथ्यूज यांनी कॉर्डना नावांऐवजी आकडे द्यायला सुरुवात केली आणि चार्ली मॅकॉय वगैरे स्टुडिओतल्या वादकांनी ती पद्धत उचलली. पट्टी कोणतीही असो, १ म्हणजे मूळ, मग ४, मग ५. गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली तरी कागद तोच. हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसलो. अहो, हे तर आपलं सा, म, प! आपल्याकडे सा कुठेही असतो. लहानपणी पेटीच्या क्लासला गेलेल्या कुठल्याही मराठी पोराला ही पद्धत पाच मिनिटांत समजेल.

आपल्याकडचा प्रश्न वेगळाच होता, तो म्हणजे लिहायचं की नाही हा. चिजा गुरूकडून तोंडी घ्यायच्या आणि जिवापाड जपायच्या. कित्येक घराण्यांत त्या बाहेरच्याला द्यायला नाखूश असत. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) गावोगाव फिरले, उस्तादांकडून चिजा मिळवल्या आणि स्वरलिपीत लिहून क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत छापल्या. लिहिल्याने गाणं मरतं असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला त्यांचं म्हणणं थोडं पटतं. कागद समोर असला की माझं अर्धं लक्ष कानातून डोळ्यांत जातं. पण लिहिलंच नसतं तर यातल्या कितीतरी चिजा आज गायला उरल्या नसत्या, हेही खरं.

आता मुंबई. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांत मुलांना स्टाफ नोटेशन शिकवत. तिथे शिकलेले वादक मुंबईला आले, आधी हॉटेलांत जॅझ वाजवू लागले आणि पुढे सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात शिरले. संगीतकार चाल पेटीवर गाऊन दाखवायचे, सबॅस्टियन डिसूझांसारखे अरेंजर ती कागदावर उतरवायचे आणि वादक समोरचं वाचून वाजवायचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यातलेच. प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन त्यांच्याकडे शिकले. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधल्या गाण्यात त्यांचं नाव येतं ती प्यारेलालनी दिलेली गुरुदक्षिणा. सगळ्या देशाला ते नाव पाठ होतं, पण तसा खरा माणूस आहे हे फार थोड्यांना ठाऊक होतं.

माझे बासचे गुरू याच परंपरेतले, माहीमचे. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणायचो. अंकलनी ऐन उमेदीची वर्षं रेकॉर्डिंगमध्ये काढली. मी एकदा भाबडेपणाने विचारलं, "अंकल, तुम्ही कोणकोणती गाणी वाजवलीत?" म्हणाले, "कोणाला ठाऊक रे पुता! सकाळी कागद येणार, संध्याकाळी कागद जाणार." त्यांच्या लेखी ते गाणं नव्हतंच, ती एक शिफ्ट होती. कोणता सिनेमा, कोण हिरो, काही पत्ता नसे. वाचता येत होतं म्हणून लक्षात ठेवायची गरज पडली नाही. पण रेडिओवर एखादं जुनं गाणं लागलं की मध्येच थांबून म्हणायचे, "हे मी आहे." म्हणजे डोकं विसरलं होतं, पण बोटांना सगळं आठवत होतं.

साधारण त्याच वर्षांत तिकडे डेट्रॉइटला जेम्स जेमरसन वाजवत होता. १९३६ चा जन्म, शाळेत असताना डबल बास शिकलेला, मग फेंडर. मोटाउन कंपनीचा स्टुडिओ म्हणजे एक साधं घर, आणि वादक ज्या खोलीत बसत तिला ते 'स्नेकपिट' म्हणत. समोर बहुतेक वेळा फक्त कॉर्ड लिहिलेला कागद, बाकी बास काय वाजवायचा ते जेमरसन तिथल्या तिथे ठरवायचा. उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने वाजवायचा आणि तारा तुटेपर्यंत बदलायचा नाही. साठच्या दशकातल्या मोटाउनच्या बहुतेक गाजलेल्या गाण्यांत खाली तो आहे. त्या रेकॉर्डच्या कव्हरवर मात्र त्याचं नाव नसायचं. १९७१ साली मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर वादकांची नावं छापली तेव्हा ते पहिल्यांदा आलं. पुढच्याच वर्षी कंपनी लॉस एंजेलिसला गेली आणि डेट्रॉइटच्या वादकांचा तो संच मोडला. १९८३ साली जेमरसन ४७ व्या वर्षी गेला. १९८९ मध्ये अॅलन स्लट्स्कीने त्याच्या बासच्या ओळी ऐकून, नोटेशनमध्ये उतरवून पुस्तक केलं. आज जगभरची पोरं त्यावरून शिकतात. जे वाजवताना कुणी लिहिलं नव्हतं, ते माणूस गेल्यावर लिहावं लागलं.

मग यंत्राने पाठ करायला सुरुवात केली. जपानच्या रोलँडने १९८१ च्या सुमारास टीबी-३०३ नावाची छोटी पेटी काढली. एकट्या गिटारवाल्याला सरावासाठी बासची साथ मिळावी हा हेतू. एक एक सूर भरायचा, मग ती न चुकता वाजवत राहायची. भरणं इतकं किचकट आणि आवाज बासपेक्षा इतका वेगळा, की ती खपली नाही आणि १९८४ मध्ये बंद झाली. पण मुंबईच्या सिने-ऑर्केस्ट्रातले वादक चरणजित सिंग यांनी ती घेतली आणि १९८२ साली तिच्यावर दहा रागांची डिस्को ठेक्यातली रेकॉर्ड केली. तीही तेव्हा फारशी चालली नाही. पुढे शिकागोत १९८७ साली याच यंत्रातून अॅसिड हाऊस नावाचा प्रकार निघाला. २०१० मध्ये चरणजितजींची रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि जग चकित झालं, की हे मुंबईत पाच वर्षं आधीच होऊन गेलं होतं! ते २०१५ साली गेले. निदान त्यांच्या हयातीत तरी दखल घेतली गेली.

एवढं वाचल्यावर माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर थोडं हाती लागलं. नवीन गाणं घेताना मी आधी वाद्य हातात घेत नाही. नुसतं ऐकतो, मग सा सापडला की मनात आकडे लावतो. मुखडा १, ४, ५. अंतऱ्यात ६ वर जातो. दुसऱ्या म्युझिकमध्ये दोन मात्रा जास्त आहेत, तिथे खूण. मग बास घेऊन आकार शोधतो. शेवटी ड्रमवाल्याच्या उजव्या पायाशी जुळवतो, कारण त्याचा पाय आणि माझं बोट एकत्र पडलं नाही तर बाकी सगळं फुकट. गाणं तीन-चार तालमींत आकड्यांतून बोटांत उतरतं आणि मग आकडेही विसरतात. आमची गायिका घरच्या सोयीने पट्टी बदलते, तेव्हा ग्रुपमध्ये फक्त मी निवांत असतो!

पण वयोमानाने आता जाणवतं, की बोटांतलं पाठांतर दुसऱ्याला देता येत नाही. अंकल जाऊन बरीच वर्षं झाली. "हे मी आहे" असं त्यांनी म्हटलेली गाणी माझ्या समोर वाजली, मी ऐकली, छान वाटलं, आणि आता त्यातली चारच मला खात्रीने सांगता येतात. बाकीची गाणी आजही रेडिओवर लागतात, मी ऐकतो, आणि खालचं बोट कुणाचं ते सांगणारं कुणी नाही. शिफ्टनंतरचे ते कागद बहुतेक टिकलेच नाहीत. त्या चार गाण्यांची ओळ मी एका जाड वहीत आकड्यांत लिहून ठेवली आहे, वर अंकलचं पूर्ण नाव घालून. आमच्या ग्रुपच्या गाण्यांचंही आता तसंच करतोय, गाणं, पट्टी, आकडे आणि त्या वेळी कोण कोण वाजवत होतं ते.

तर मंडळी, सुरुवातीला म्हटलेलं काम हे. तुमच्या घरात किंवा नात्यात कुणी ऑर्केस्ट्रात, बँडमध्ये, नाटकाच्या ऑर्गनवर, मेळ्यात वाजवत असेल, तर या रविवारी त्यांच्यासमोर बसून जुनी गाणी लावा. त्यांना यादी विचारू नका, यादी आठवत नाही. नुसतं गाणं लावा आणि ते कुठे थांबतात ते बघा. जवळ पेन असू द्या.