थिवीचे स्टेशन यायला 110 वर्षे

डिचोलीच्या माणसाला आज मुंबईला जायचे असेल तर तो अस्नोड्यामार्गे थिवीला जातो आणि गाडी पकडतो. हाती पिशवी, खिशात तिकीट, बरोबर कुणी असो-नसो. वाटेत सावंतवाडीला उतरावे, कणकवलीला नातेवाइकांकडे राहावे, रत्नागिरी पाहून पुढे जावे, हे सगळे त्याच्या मर्जीवर. या मर्जीला वय फार नाही. गोव्याच्या भूमीवर रूळ पडले 1880च्या दशकात, पण उत्तर गोव्यातल्या साध्या प्रवाशासाठी आगगाडी आली ती 1998 मध्ये. मधल्या 110 वर्षांत गाडी होती. डिचोलीसाठी मात्र ती नव्हती.

पहिल्या रुळांचे कूळ शोधायचे तर 26 डिसेंबर 1878 या दिवशी झालेल्या इंग्रज-पोर्तुगीज कराराकडे जावे लागते. इंग्रजांना दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकातला कापूस, धान्य, खनिज समुद्रावर नेण्यासाठी जवळचे बंदर हवे होते. पोर्तुगिजांकडे मुरगाव होते, पण पैसा नव्हता. करारात रेल्वे आणि बंदर आले, आणि त्याच्या मोबदल्यात गोव्याच्या मिठावर इंग्रजांचे नियंत्रण आले. त्याबद्दल पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळत. मिठागरांवर पोट असलेल्यांना या रुळांची किंमत रूळ पडण्याआधीच मोजावी लागली. गोव्याच्या रेल्वेची गोष्ट सांगताना दूधसागरच्या धबधब्याचे वर्णन सगळे करतात, मिठागरवाल्यांचे नाव सहसा कुणी घेत नाही. घ्यायला हवे.

वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे ही कंपनी लंडनच्या भांडवलावर उभी राहिली. मुरगावपासून सावर्ड्यापर्यंतचा टप्पा 1887 मध्ये सुरू झाला, आणि पुढच्याच वर्षी घाट चढून गाडी कॅसलरॉकला पोहोचली. एकूण अंतर सुमारे 82 किलोमीटर, रूळ मीटरगेज. कुळे सोडले की सह्याद्रीचा कडा थेट समोर उभा राहतो, म्हणून दर चाळीस फुटांना एक फूट असा चढ काढत, बोगद्यामागून बोगदे खोदत वाट वर नेली. वर गेल्यावर हीच वाट लोंढ्याला, बेळगावला, पुढे मिरज-पुण्याला मिळाली. नकाशावर गोवा हिंदुस्थानाशी जोडला गेला.

नकाशावर. डिचोली हे नव्या काबिजादीतले गाव. 18व्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेलेला हा मुलूख, मांडवीच्या उत्तरेला. नवे रूळ पडले ते मांडवीच्या दक्षिणेला. डिचोलीकराला सावर्डे किंवा कुळे गाठायचे तर आधी मांडवी ओलांडायची, मग फोंडा महाल पार करायचा. त्यापेक्षा होडीने पणजीला जाऊन मुंबईची आगबोट धरणे सोपे. पेडण्याची माणसे वेंगुर्ल्याच्या बंदराकडे वळत, नाहीतर बांद्यावरून रामघाटाने बेळगावला. आगगाडी बोलण्यात आली, रोजच्या वाटेत आली नाही.

तरी या रुळांनी एक गोष्ट केली. घर सोडून ज्ञानासाठी, नोकरीसाठी, देवासाठी बाहेर पडणे एकट्या माणसाच्या आवाक्यात आणले. साखवाळचे धर्मानंद कोसंबी हे त्यातले सर्वांत ठळक नाव. त्यांचा जन्म 1876 चा, म्हणजे गावाजवळून गाडी धावू लागली तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते. बुद्धाच्या शोधात 1899 मध्ये त्यांनी गोवा सोडला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, गया, कलकत्ता, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश. खिशात फारसे काही नाही, ओळखीचे कुणी नाही, कधी गाडी आणि कधी पायपीट. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळे स्वतः लिहून ठेवले आहे. एकट्याने देश पाहण्याचा मराठीतला इतका प्रामाणिक वृत्तांत क्वचितच सापडेल, आणि तो एका गोवेकराचा आहे, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

पंढरीची वाट धरणाऱ्यांनाही रुळांचा आधार झाला. बार्शी लाइट रेल्वे 1906 मध्ये पंढरपूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचली. लोंढ्यावरून मिरजेपर्यंत मीटरगेज, तिथे उतरून पंढरपूरची अरुंद रुळांची छोटी गाडी: वारकऱ्याला घाटावरचा हा रस्ता पाठ झाला.

वाट होती तशी चौकीही होती. कॅसलरॉक आणि कुळे ही सीमेच्या दोन बाजूंची स्थानके. सामानाची तपासणी व्हायची, जकातीची विचारपूस व्हायची. 1955 मध्ये तर वाटच बंद झाली. गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींवर 15 ऑगस्टला पेडणे महालात पत्रादेवीला गोळ्या झाडल्या गेल्या, भारताने सरहद्द बंद केली आणि गाड्यांचे येणे-जाणे थांबले. मुरगावहून निघालेले रूळ कुळ्याच्या पुढे कुठेच जात नव्हते. ते पुन्हा देशाला मिळाले 19 डिसेंबर 1961 नंतर.

दुसऱ्या रुळांचे कूळ वेगळे आहे. ते बंदरासाठी मागितले गेले नाहीत, माणसांसाठी मागितले गेले. अभियंता अ. ब. वालावलकर यांनी कोकणाला रेल्वे हवी म्हणून आयुष्य वेचले. बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर राजापूरचे खासदार मधु दंडवते यांनी तो प्रश्न संसदेत जिवंत ठेवला. गाडी रोह्यापर्यंत येऊन थांबली होती. दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना योग जुळला आणि जुलै 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन त्याचे प्रमुख. भांडवलात केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी 6. बाकीचा पैसा रोख्यांतून उभा केला. गोव्यात मार्गावरून मोठा वाद झाला. खाजन जमिनी आणि जुनी वस्ती यांमधून भराव जाणार, ही भीती खोटी नव्हती. काम काही काळ थांबलेही.

शेवटी अडले ते पेडण्यात. सह्याद्रीचा कठीण कातळ फोडायला आधुनिक यंत्रे होती. रत्नागिरीजवळच्या करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा त्यांनी खोदला. पेडण्याच्या डोंगरात मात्र कातळच नव्हता. होती ती पाण्याने फुगलेली चिकणमाती. खोदलेली जागा रात्रीत भरून यायची, आधार दाबले जायचे, वरचा डोंगर खाली बसायचा. यंत्र बाजूला ठेवून हातभर खोदायचे, लगेच आधार द्यायचा, पुन्हा हातभर खोदायचे, असे चालले. जेमतेम दीड किलोमीटरच्या बोगद्याला सहा वर्षे लागली आणि त्यात मजुरांचे जीवही गेले. दक्षिणेकडून आणि उत्तरेकडून आलेले रूळ या मातीसाठी थांबून राहिले. संपूर्ण मार्गावर गाडी धावली ती 26 जानेवारी 1998 रोजी.

पेडणे आणि थिवी या नावांच्या पाट्या त्यानंतरच प्रवाशांना ओळखीच्या झाल्या. डिचोली तालुक्यात आजही स्टेशन नाही, पण थिवी दहा-बारा किलोमीटरांवर आहे. एवढ्या अंतराने माणसाचे वागणे बदलते. रात्री कोकणकन्या धरून सकाळी मुंबईत कामाला हजर होता येते. दिवसा मांडवी एक्स्प्रेसच्या खिडकीतून नद्या मोजत जाता येते. दिवा स्टेशनला जाणाऱ्या संथ गाडीसाठी सावंतवाडीला जाऊन बसले की तळकोकणातल्या बारीक-सारीक स्टेशनांवरही उतरता येते. वेगवान गाड्यांचे कौतुक आहेच, 2023 पासून वंदे भारतही थिवीला थांबते. मुलूख पाहायचा असेल तर मात्र त्या संथ गाडीसारखी गाडी नाही.

पेडण्याच्या मातीने आपला हट्ट सोडलेला नाही. ऑगस्ट 2020 मध्ये त्याच बोगद्याची भिंत ढासळली आणि कोकणातून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या पनवेल, पुणे, मिरज, लोंढा, मडगाव अशा वळवाव्या लागल्या. जुलै 2024 मध्ये बोगद्यात पाणी शिरले, तेव्हाही जुन्या घाटानेच गाड्या सांभाळल्या. मुरगावच्या बंदरासाठी काढलेली 1888 ची वाट अशा वेळी कोकणच्या प्रवाशांच्या कामी येते.

या दोन वाटा मिळून एक पूर्ण फेरी होते, आणि स्वतःच्या मनाने देश पाहू इच्छिणाऱ्याने ती करून पाहावी. थिवीहून मडगाव, तिथून कुळे, दूधसागर, लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे, पनवेल, मग चिपळूण-रत्नागिरीवरून पुन्हा थिवी. रेल्वे यासाठी चक्राकार प्रवासाचे तिकीट देते. प्रवास जिथे सुरू झाला तिथेच संपला पाहिजे, आणि वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी मुक्काम करता येतो. भाडे लांब अंतराच्या दराने लागत असल्याने सुटी-सुटी तिकिटे काढण्यापेक्षा ते स्वस्त पडते. त्यासाठी मार्ग आणि मुक्काम आधी ठरवून रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे अर्ज करावा लागतो, आणि तिकीट हाती आल्यावर प्रत्येक टप्प्याचे आरक्षण वेगळे करावे लागते.