झाडीबोली कुठे बोलली जाते? ती 'अशुद्ध मराठी' आहे का?

भंडाऱ्याचा मुलगा पुण्यात 'पानी' म्हणाला की हमखास कुणीतरी दुरुस्त करतं, "पानी नाही, पाणी!" पण ही खरंच चूक आहे का?

कुठे बोलतात?

पूर्व विदर्भातल्या जंगलाच्या पट्ट्याला 'झाडीपट्टी' म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत प्रामुख्याने झाडीबोली बोलली जाते. गोंदिया 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होतं. याच भागात गोंडी आणि पोवारीही बोलतात. पोवारी मध्य प्रदेशातल्या बालाघाटपर्यंत ऐकू येते.

वेगळेपण काय?

झाडीबोलीत 'ण' आणि 'ळ' हे उच्चार नाहीत. 'ण'चा 'न' होतो आणि 'ळ'चा 'र'. म्हणून कोण म्हणजे 'कोन', डोळा म्हणजे 'डोरा'. 'श'च्या जागी 'स' येतो. हे बदल ठरावीक पद्धतीने होतात. म्हणजे बोलणारा चुकत नसतो, तो आपल्या बोलीचा नियम पाळत असतो.

स्पॅनिशचं उदाहरण बघा

स्पॅनिश 20 देशांची अधिकृत भाषा आहे. स्पेन, आफ्रिकेतला इक्वेटोरियल गिनी आणि अमेरिका खंडातले 18 देश. सगळीकडे ती सारखी नाही. माद्रिदमध्ये घराला 'कासा' आणि शिकारीला 'काथा' म्हणतात. मेक्सिकोत दोन्हींचा उच्चार 'कासा'च! तिथेही दोन उच्चारांचा एक झाला आहे, अगदी आपल्या 'ण' आणि 'न'सारखा. तरी मेक्सिकोची स्पॅनिश अशुद्ध ठरत नाही. स्पॅनिश मातृभाषा असलेले सर्वाधिक लोक मेक्सिकोतच आहेत. स्पॅनिशचा अधिकृत शब्दकोशही आता स्पेनची भाषा अकादमी इतर देशांच्या अकादम्यांसोबत तयार करते.

म्हणजे फरक उच्चाराचा नाही, वजनाचा आहे. मेक्सिकोमागे अख्खा देश उभा आहे, झाडीबोलीमागे चार जिल्हे.

बोली टिकवतंय कोण?

दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांनी ही बोली जिवंत ठेवली. धान निघाल्यावर, दिवाळीनंतर गावोगाव झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतात. गडचिरोलीतलं वडसा हे या नाटक मंडळ्यांचं केंद्र. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा अभ्यास केला, शब्दकोश तयार केला. झाडीबोलीची स्वतंत्र साहित्य संमेलनंही भरतात.

मग प्रमाण मराठी नको का?

हवीच. परीक्षा, अर्ज, बातम्या यांसाठी सगळ्यांना समजेल अशी एक लेखी भाषा लागते. पण ती शिकण्यासाठी घरची बोली टाकायची गरज नाही. पेपरात 'पाणी' लिहा, घरी खुशाल 'पानी' मागा. दोन्ही मराठीच.