रे साहेबांची मंडई, जोतीरावांचं नाव

पुणे नगरपालिकेत १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव फुले सरकारनियुक्त सभासद होते. बैठकीत मान डोलावून घरी जाणाऱ्यांतले ते नव्हेत. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये काढायचं ठरलं, तेव्हा विरोध नोंदवला तो एकट्या जोतीरावांनी. भाजीबाजारासाठी मोठी थोरली इमारत बांधायचा बेत पुढे आला, तेव्हाही त्यांचं म्हणणं तेच होतं: एवढा पैसा आहे तर तो गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला.

हा विरोध भाजीतलं काही न कळणाऱ्या माणसाचा नव्हता, ही यातली खरी गंमत. गोऱ्हे हे जोतीरावांच्या घराण्याचं मूळ आडनाव. पेशव्यांना फुलं पुरवण्याच्या धंद्यावरून ते फुले झाले. जोतीरावांच्या वडिलांचा उदरनिर्वाह फुलं आणि भाजीपाल्यावर चाले. स्वतः जोतीराव पुढे बांधकामाची कंत्राटं घेत. म्हणजे भाजीच्या पाटीपासून दगड-चुन्याच्या हिशेबापर्यंत सारं त्यांना ठाऊक. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या माणसाला बाजार नको होता असं कोण म्हणेल? त्याला खटकत होता तो बाजारावरचा कळस.

नगरपालिकेने ऐकलं नाही. तोवर पुण्याची भाजी विकली जायची शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात, उघड्यावर. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ, त्यातच पाट्या, ढीग आणि घासाघीस. १८८१ च्या जनगणनेत छावणी वगळून शहराची वस्ती लाखाला जेमतेम टेकलेली. आजच्या मोजमापाने गावच म्हणायचं, पण पेशव्यांची राजधानी असल्याचा तोरा उतरलेला नव्हता. शिवाय मुंबईने १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट बांधून दाखवलं होतं. मुंबईकडे आहे ते आपल्याकडे का नको, हा पुणेरी प्रश्न तेव्हाही विचारला गेला असणार.

शुक्रवार पेठेत खासगीवाल्यांच्या बागेची जागा घेतली गेली. आराखडा कर्नल वॉल्टर ड्युकॅट यांचा, बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांचं. खर्च गेला तीन लाखांच्या घरात. ५ ऑक्टोबर १८८६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांनी उद्‌घाटन केलं आणि त्यांचंच नाव लागलं: रे मार्केट.

इमारत मात्र देखणी झाली, हे जोतीरावांची बाजू घेणाऱ्यालाही कबूल करावं लागेल. मधोमध अष्टकोनी मनोरा, वर निमुळता होत गेलेला, आणि त्याच्या पोटातून चहूकडे निघालेल्या लांब पाख्या. धाटणी गॉथिक, युरोपातल्या चर्चला शोभेल अशी, आणि तिच्याखाली वांगी. पण ही रचना नुसत्या दिमाखाची नाही. छत उंच असल्यामुळे गरम हवा वर जाते आणि ओट्यावरची पालेभाजी दुपारपर्यंत तग धरते. पाख्या वेगवेगळ्या असल्याने गिऱ्हाईक चारी अंगांनी आत येतं आणि कुठल्याही बाजूने बाहेर पडतं. गाळ्यात भाजीचा उतरता ढीग, त्याच्या मागे उंचावर बसलेला विक्रेता, हाताशी तराजू आणि अधूनमधून कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाण्याचा हबका. लिंबं, मिरच्या, आलं यांचे वाटे वेगळे. हे दृश्य तिथे अजून दिसतं.

बाजार म्हटला की माणसं जमतात, आणि माणसं जमली की पुण्यात भाषणं होतात. मंडईच्या आवारातल्या लोकमान्य टिळकांच्या पुतळ्याचं अनावरण १९२४ मध्ये मोतीलाल नेहरूंनी केलं. अखिल मंडई मंडळाचा शारदा-गजाननही इथलाच. मंडईतल्या बोलण्याचा खाक्या असा, की पुणेकर तिला कौतुकाने ‘मंडई विद्यापीठ’ म्हणतात. या विद्यापीठात अपमान फुकट शिकवला जातो. भाव विचारून भाजी न घेता पुढे सरकणाऱ्याला पहिला धडा मिळतो.

जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० ला गेले, म्हणजे मंडई उघडल्यावर चारच वर्षांनी. रे साहेबांचं नाव पुढे अर्धं शतक टिकलं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून आले. भांबुर्ड्याचं शिवाजीनगर करण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते हेच अत्रे. त्यांच्याच पुढाकाराने रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. ज्या वास्तूवर पैसे घालू नका म्हणून सभासद भांडला, तिच्याच कपाळी त्याचं नाव. अत्र्यांना यातला विनोद दिसला नसेल, हे संभवत नाही.

नावांचं नशीब मोठं लहरी असतं.  मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही अधिकृत नाव जोतीरावांचंच आहे, तरी टॅक्सीवाल्याला क्रॉफर्डच सांगावं लागतं. पुण्यात रे साहेब पुरते विस्मरणात गेले, पण रोजच्या बोलण्यात फुल्यांचंही नाव क्वचित येतं. सगळे नुसतं ‘मंडई’ म्हणतात.

घाऊक व्यापार कधीच गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. उपनगरांतल्या पुणेकराला भाजी कोपऱ्यावरच्या हातगाडीवर मिळते, नाहीतर मोबाइलवरून दारात येते. गाळेधारकांच्या धंद्यावर त्याचा परिणाम झालाच. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली आणि मंडईलाही स्टेशन मिळालं. गाडी लावायला जागा नाही म्हणून पेठांकडे फिरकायचं सोडलेलं गिऱ्हाईक आता पिशवी घेऊन थेट मंडईत उतरू शकतं. जाताना ती भरलेली असेल का, हे अर्थात भावावर ठरेल.